ऐकणे हे कोणाचे काम होते?

टायटॅनिकची गोष्ट निघाली की दोन तरुणांवर खटला भरला जातो, आणि निकाल ठरलेलाच असतो. पहिला आरोपी जॅक फिलिप्स. टायटॅनिकवरचा मुख्य बिनतारी ऑपरेटर, वय २५. शेजारच्या जहाजाने बर्फाची सूचना द्यायला सुरुवात केली, तेव्हा त्याने ‘गप्प बस, मी कामात आहे’ असे त्याला झिडकारले. दुसरा सिरिल इव्हान्स, त्या शेजारच्या ‘कॅलिफोर्नियन’ जहाजावरचा ऑपरेटर, वय २०. झिडकारल्याचा राग येऊन तो यंत्र बंद करून झोपी गेला, आणि काही मैलांवर दीड हजार माणसे बुडाली. तिसरे पात्र गुल्येल्मो मार्कोनी. त्यांच्या वाट्याला मात्र आरती येते. दुर्घटनेच्या आठवड्यातच ब्रिटनचे पोस्टमास्टर जनरल हर्बर्ट सॅम्युएल यांनी, जे वाचले ते एका मार्कोनींमुळे आणि त्यांच्या अद्भुत शोधामुळे वाचले, अशा अर्थाचे उद्गार काढले होते. आज शंभराहून अधिक वर्षे झाली तरी लेखांतून, चित्रपटांतून, भाषणांतून हेच मत फिरते आहे: यंत्राने तारले, माणसांनी बुडवले.

हे मत वस्तुस्थितीला धरून नाही, आणि त्या दोन तरुणांवर अन्याय करणारे आहे. माझे म्हणणे असे की १९१२ सालापर्यंत समुद्रावर संकटाची हाक देणारी यंत्रे बसली होती, पण ती हाक ऐकणे हे कोणाचेही नेमलेले काम नव्हते. त्या रात्री जे वाचले ते बऱ्याच अंशी योगायोगाने वाचले. बाकीच्यांपर्यंत मदत का पोचली नाही याचा शोध ऑपरेटरच्या स्वभावात घेण्यापेक्षा त्याच्या नोकरीच्या अटींत घ्यावा लागतो.

आधी ‘गप्प बस’चा पुरावा तपासू, कारण साऱ्या आरोपपत्राचा भार त्याच्यावर आहे. १४ एप्रिलच्या रात्री अकराच्या सुमारास इव्हान्सने फिलिप्सला हाक दिली आणि आम्ही बर्फात अडकून थांबलो आहोत असे सांगितले. फिलिप्स त्या वेळी न्यूफाउंडलंडच्या केप रेस स्टेशनशी बोलत होता. हे स्टेशन सुमारे चारशे मैल लांब, त्याचा आवाज हेडफोनमध्ये जेमतेम येणारा. कॅलिफोर्नियन अगदी जवळ. ठिणगीवर चालणाऱ्या त्या यंत्रांना आजच्यासारखी बारीक फारकत करता येत नसे. बहुतेक सारी जहाजे एकदोन ठरावीक तरंगलांबींवरच बोलत. एकाच ओसरीवर दहा जणांनी एकदम बोलावे तसा प्रकार. त्यात जवळचा माणूस ओरडला की लांबचा ऐकू येणे बंदच. इव्हान्सची हाक फिलिप्सच्या कानात धडाडली असणार आणि केप रेसचा अर्धा शब्द तिच्याखाली बुडाला असणार. अशा वेळी ऑपरेटर एकमेकांना जे तुटकपणे सांगत, तेच फिलिप्सने सांगितले. इव्हान्सने पुढे चौकशीत याचा अर्थ काय तो स्वतःच उलगडला: आपल्याला यात अपमान वाटला नाही, ऑपरेटर लोक हे असे बोलतातच. ज्याचा अपमान झाला म्हणून आपण शतकभर हळहळतो, तो स्वतः अपमान झाला असे म्हणत नाही. मग ही हळहळ कशाच्या आधारावर?

आणखी एक गोष्ट या गोष्टीतून नेहमी गळते. एका कप्तानाकडून दुसऱ्या कप्तानाला जाणाऱ्या कामकाजाच्या संदेशाच्या सुरुवातीला एम-एस-जी ही अक्षरे टाकायचा रिवाज होता. ती आली की संदेश ब्रिजवर कप्तानाकडे न्यायचा आणि त्याची पोच द्यायची. इव्हान्सने ती अक्षरे टाकली नव्हती. त्याने आपला ठावठिकाणा, अक्षांश-रेखांश, सांगितला नव्हता. त्याच्या बोलण्याची सुरुवात दोन दोस्तांच्या गप्पांसारखी होती. याबद्दल मी इव्हान्सलाही दोष देत नाही. पण फिलिप्सने नाकारली ती ‘धोक्याची सूचना’ होती असे म्हणणाऱ्याने, त्या बोलण्यात जहाज नेमके कुठे थांबले आहे हे कुठे होते, ते दाखवावे.

शिवाय कॅलिफोर्नियनची खरी सूचना टायटॅनिकला तीन-साडेतीन तास आधीच पोचली होती. संध्याकाळी साडेसातच्या सुमारास इव्हान्सने तीन मोठ्या हिमनगांची जागा ‘अँटिलियन’ जहाजाला कळवली, तेव्हा टायटॅनिकवरच्या दुसऱ्या ऑपरेटरने, हॅरॉल्ड ब्राइडने, ती ऐकून घेतली आणि ब्रिजवर नेऊन दिली. त्या दिवशी सकाळी ‘कॅरोनिया’ची सूचना आली होती. दुपारी ‘बाल्टिक’ची आली, ती कप्तान स्मिथ यांच्या हातात पडली. स्मिथ यांनी ती कंपनीचे प्रमुख ब्रूस इस्मे यांना दाखवायला दिली, इस्मेंनी ती खिशात ठेवली आणि उतारूंपैकी काहींना दाखवलीही. संध्याकाळी सातच्या पुढे स्मिथ यांनी ती परत मागून घेतली. ऑपरेटरने आपले काम चोख केलेला हा कागद पाचेक तास मालकाच्या खिशात होता, आणि आपण मात्र दोष काढतो तो ऑपरेटरच्या बोटांत!

रात्री पावणेदहाच्या सुमारास ‘मेसाबा’ जहाजाने पाठवलेली सूचना ब्रिजवर पोचली नाही असे दिसते, आणि पूर्वपक्षाचा खरा आधार असलाच तर तो हा आहे. त्या सूचनेतले क्षेत्र टायटॅनिकच्या वाटेवरच पडत होते. पण तिच्यावरही एम-एस-जी नव्हते, आणि त्या वेळी फिलिप्स एकटा होता. ब्राइड मध्यरात्रीच्या पाळीसाठी झोपलेला. समजा ती पोचली असती. पोचलेल्या सूचनांनी जहाजाचा वेग कुठे कमी केला होता? लॉर्ड मर्सी यांच्या चौकशी अहवालाने टक्कर अतिवेगामुळे झाली असे म्हटले, आणि लगोलग हेही नोंदवले की स्वच्छ हवेत बर्फाच्या प्रदेशातूनही वेग न उतरवता जायचे आणि टेहळणीवर भरवसा ठेवायचा, हीच त्या मार्गावरच्या कप्तानांची वर्षानुवर्षांची पद्धत होती. पाच-सहा सूचनांनी जी पद्धत बदलली नाही, ती सातवीने बदलली असती असे मानायला काही कारण दिसत नाही.

आता फिलिप्स केप रेसशी एवढे काय बोलत होता तेही पाहिले पाहिजे, कारण प्रश्नाचे मूळ तिथे आहे. तो उतारूंच्या खासगी तारा पाठवत होता. पहिल्या दहा शब्दांना १२ शिलिंग ६ पेन्स, पुढच्या प्रत्येक शब्दाला ९ पेन्स. ब्राइडचा पगार महिना ४ पौंड, म्हणजे ८० शिलिंग. किमान दराच्या सात तारा गेल्या की त्याच्या महिन्याच्या पगाराहून अधिक रक्कम जमा. बिनतारी खोली हे जहाजावरचे तारऑफिस होते. तिथले तरुण काम करत होते मार्कोनी कंपनीसाठी. जहाज चालवण्याच्या कामाशी त्यांचा संबंध शिष्टाचाराचा आणि सौजन्याचा. बर्फाची सूचना ते ब्रिजवर नेत ते सवड काढून. असे ऑफिस उघडायचे, त्यात गल्ल्याचे काम पहिले ठेवायचे, आणि अपघात झाल्यावर विचारायचे की गल्ल्यावर बसलेल्या पोराने गस्त का घातली नाही?

त्यातही त्या रात्री तारांचा ढीग का साचला होता? शुक्रवारी रात्री मुख्य यंत्र बिघडले. राखीव छोट्या यंत्रावर त्यांना कसेबसे निभावून नेता आले असते. पण फिलिप्स आणि ब्राइड यांनी जवळजवळ रात्रभर खपून बिघाड शोधला आणि शनिवारी पहाटे यंत्र चालू केले. ती मेहनत त्यांनी केली नसती, तर रविवारी रात्री टायटॅनिकची हाक किती लांब गेली असती? ज्यांना आपण निष्काळजी म्हणतो त्यांनी हे जास्तीचे काम केले होते, आणि त्याच मेहनतीतून साचलेल्या ढिगाशी फिलिप्स झुंजत असताना इव्हान्सची हाक आली. ही बाब मला या साऱ्या प्रकरणात सर्वांत बोचते.

आता दुसरा आरोपी. इव्हान्स झोपला. होय, झोपला. सकाळी सातला उठून बसलेला हा पोरगा रात्री साडेअकराला झोपला, कारण जहाजावर तो एकटाच ऑपरेटर होता. एकट्या माणसाने चोवीस तास ऐकावे असा नियम कुठे नव्हता, असता तरी तो पाळता आला नसता. ब्रिटिश कायद्यात त्या वेळी व्यापारी जहाजावर बिनतारी यंत्र असावेच असेही म्हटलेले नव्हते. अमेरिकेच्या १९१० च्या कायद्याने ५० किंवा अधिक माणसे घेऊन लांबच्या पल्ल्यावर जाणाऱ्या जहाजांना यंत्र आणि एक कुशल ऑपरेटर सक्तीचा केला, पण तो ऑपरेटर झोपला की काय, याबद्दल तो कायदा गप्प होता. एक माणूस मागून कायद्याने दिवसाची सोय केली आणि रात्र तशीच मोकळी सोडली.

कॅलिफोर्नियनवरचा एक प्रसंग इथे जवळून पाहण्यासारखा आहे. मध्यरात्री पहारा संपवून तिसरा अधिकारी चार्ल्स ग्रोव्ह्ज इव्हान्सच्या खोलीत डोकावला. त्याला बिनताराचे वेड; मोर्स थोडेफार समजे. इव्हान्स अर्धवट झोपेत. आसपास कोणती जहाजे आहेत ते ग्रोव्ह्जने विचारले आणि हेडफोन कानाला लावले. तेव्हा संदेश पकडायला मार्कोनींचा चुंबकीय शोधक वापरत. लाकडी पेटीवर दोन चाके, त्यांच्याभोवती लोखंडी तारेचा पीळदार पट्टा, तो पट्टा चुंबकांजवळून आणि बारीक तारेच्या वेटोळ्यातून सरकत राहायचा. पट्टा फिरवायला खाली घड्याळासारखी चावी. चावी संपली की पट्टा थांबे, आणि पट्टा थांबला की कानात काही येत नसे. इव्हान्सने झोपताना चावी दिलेली नव्हती, ग्रोव्ह्जला ते ठाऊक नव्हते. त्याला काही ऐकू आले नाही. त्याने हेडफोन ठेवले आणि तो निघून गेला. ही वेळ सव्वाबारा ते साडेबाराच्या मधली. टायटॅनिकने पहिली हाक दिली तीही सव्वाबाराच्या सुमारास.

म्हणजे कॅलिफोर्नियनवर यंत्र होते, ते ठाकठीक होते, हाक हवेत होती, एक माणूस हेडफोन लावून उभाही होता. यंत्राने तारले म्हणणाऱ्यांनी या चार गोष्टी एका जागी मांडून पाहाव्यात. उणीव होती ती ऐकायला नेमलेल्या माणसाची. चावी देणे हे त्या वेळी, त्या खोलीत, कोणाच्याच कामात मोडत नव्हते.

याच्या शेजारी ‘कार्पेथिया’ ठेवा. तिच्यावरही एकच ऑपरेटर, हॅरॉल्ड कॉटम, वय २१. त्याचीही पाळी उलटून गेलेली. कोट काढून झोपायच्या तयारीत असताना त्याच्या कानाला हेडफोन तसेच होते, कारण ‘पॅरिसियन’ जहाजाकडून एका संदेशाची पोच यायची होती. ती वाट पाहता पाहता त्याने केप कॉडच्या स्टेशनचा कट्ट-कडकट्ट ऐकला. टायटॅनिकच्या उतारूंसाठी तिथे तारा साचून होत्या. भल्या मनाने त्याने टायटॅनिकला विचारले, केप कॉडकडे तुमच्या तारा पडल्या आहेत, ठाऊक आहे ना? उत्तर आले: ताबडतोब या, आम्ही हिमनगावर आदळलो आहोत. ५८ मैलांवरून कप्तान आर्थर रॉस्ट्रन यांनी जहाज पूर्ण वेगाने बर्फातून काढले आणि पहाटे चारच्या सुमारास ते होड्यांपाशी पोचले. सातशेहून थोड्या अधिक माणसांचा जीव वाचला.

कॉटम आणि इव्हान्स यांच्यात कर्तव्यदक्षतेचा फरक शोधणाऱ्यांना मी विचारतो, तो नेमका कुठे दिसतो? दोघे एकाच कंपनीचे, जवळजवळ एकाच वयाचे, दोघेही आपापल्या जहाजावर एकटे, दोघांचाही दिवस सकाळपासून चाललेला. एकाची एक पोच यायची राहिली होती, दुसऱ्याची राहिली नव्हती. पॅरिसियनने पोच दहा मिनिटे आधी दिली असती तर कॉटमही झोपला असता, आणि आज त्याचेही नाव आरोपींत असते. हा सातशे जिवांचा हिशेब एका न आलेल्या पोचेवर टेकलेला आहे. याला यंत्राचा विजय म्हणायला माझी जीभ वळत नाही.

त्यात आणखी एक योगायोग. टायटॅनिकने कळवलेली जागा चुकीची होती. १९८५ साली अवशेष सापडले ते त्या जागेपासून सुमारे १३ सागरी मैलांवर. रॉस्ट्रन चुकीच्या ठिकाणाकडेच निघाले होते; त्यांची वाट आग्नेयेकडून येत होती म्हणून होड्या मधेच लागल्या, आणि एका होडीतून दाखवलेल्या हिरव्या उजेडाने त्यांना दिशा दिली. बिनताराने त्यांना जवळपास आणले. शेवटची गाठ घातली ती जुन्या मशालीने.

आता पूर्वपक्षाकडून ‘रिपब्लिक’चा दाखला येईल, आणि तो हलका नाही. २३ जानेवारी १९०९ च्या पहाटे नॅन्टकेट बेटाजवळ दाट धुक्यात इटालियन ‘फ्लोरिडा’ व्हाइट स्टार कंपनीच्या रिपब्लिकवर येऊन धडकले. ऑपरेटर जॅक बिन्सची खोली मोडली, वीज गेली. बिन्सने बॅटऱ्यांवर सी-क्यू-डी ही तेव्हाची संकटहाक चालू ठेवली. किनाऱ्यावरच्या सायस्कॉन्सेट स्टेशनने ती उचलून पुढे दिली, ‘बाल्टिक’ने दिवसभर धुक्यात चाचपडत शोध घेतला, आणि दोन्ही जहाजांवरची मिळून सुमारे दीड हजार माणसे सुखरूप उतरवली गेली. टक्करीत जे दगावले तेवढेच गेले. बिन्स जगभर गाजला, आणि तो मान त्याने पूर्णपणे कमावलेला होता.

पण बारकाईने पाहिले तर रिपब्लिक तगले होते किती? टक्कर २३ च्या पहाटे, बुडणे २४ च्या रात्री. दीड दिवस. हाक दिवसाउजेडी गेली, ऑपरेटर जागे होते, किनाऱ्यावरचे स्टेशन चालू होते, आणि एवढ्या तयारीनंतरही बाल्टिकला धुक्यात रिपब्लिक सापडायला दिवस लागला. रिपब्लिक अडीच तासांत बुडाले असते, तर बिन्सचे सारे शौर्य पाण्यात गेले असते. या घटनेतून लोकांनी जो धडा घेतला तो मला घातक वाटतो: एका जहाजाने हाक द्यायची, दुसऱ्याने यायचे, आणि होड्यांचे काम मधल्या मधे माणसे पोचवण्याचे. या समजुतीत टायटॅनिकसारख्या जहाजावर २,२०० माणसांना ११७८ जणांपुरत्या होड्या कोणाच्या डोळ्यांत खुपल्या नाहीत. त्या कायद्याने मागितल्याहून अधिकच होत्या! रिपब्लिकच्या यशाने बिनताराविषयी खात्री दिली, आणि त्या खात्रीआड ऐकणाऱ्याचा प्रश्न तीन वर्षे दडून राहिला.

आणि जिथे सारे काही जागेवर होते तिथे काय झाले? २९ मे १९१४ च्या पहाटे सेंट लॉरेन्स नदीत ‘एम्प्रेस ऑफ आयर्लंड’वर धुक्यात दुसरे जहाज येऊन आदळले. टायटॅनिकनंतरचे शहाणपण अंगी बाणलेले, होड्या भरपूर, एस-ओ-एस लगेच गेला, फादर पॉइंट स्टेशनने लगेच ऐकला, मदतीच्या बोटी लगेच निघाल्या. जहाज चौदा मिनिटांत तळाला गेले आणि हजाराहून अधिक माणसे मेली. त्या रात्री हाक देणारा आणि ऐकणारा दोघेही चुकले नाहीत. बिनतारी यंत्र जहाजाचे पोट शाबूत ठेवू शकत नाही; ते फक्त मिळालेल्या वेळेचा उपयोग करू शकते.

माझ्या बाजूचा सर्वांत सबळ पुरावा म्हणजे नंतरची सुधारणा. टायटॅनिकनंतर शहाण्या माणसांनी काय बदलले ते पाहिले की त्यांनी दोष कशात पाहिला ते कळते. अमेरिकेने जुलै १९१२ मध्ये कायदा दुरुस्त करून दोन ऑपरेटर, अखंड पहारा आणि स्वतंत्र राखीव वीज मागितली. जानेवारी १९१४ मध्ये लंडनला झालेल्या समुद्रसुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय कराराने पहाऱ्याचे नियम घातले; महायुद्धामुळे तो अंमलात आला नाही, पण दिशा पक्की झाली. पुढे पाचशे किलोहर्ट्‌झच्या संकटवाहिनीवर दर तासाला दोन वेळा तीन-तीन मिनिटे सगळ्यांनी गप्प बसून फक्त ऐकायचे असा दंडक आला. जहाजाच्या बिनतारी खोलीतल्या घड्याळाच्या तबकडीवर १५ ते १८ आणि ४५ ते ४८ या मिनिटांच्या पाकळ्या लाल रंगवलेल्या असत. काटा लाल पाकळीत शिरला की बटणावरचा हात उचलायचा, गल्ल्याचे काम कितीही असो.

आणि एकच ऑपरेटर असलेल्या छोट्या जहाजांचे काय? त्यांच्यासाठी स्वयंचलित घंटा निघाली. संकटातल्या जहाजाने आधी चार सेकंदांचे बारा डॅश, मधे एकेका सेकंदाची उसंत, असे मिनिटभर पाठवायचे. झोपलेल्या जहाजावरचे यंत्र त्यातले लागोपाठचे तीन-चार डॅश ओळखून ऑपरेटरच्या उशाशी आणि ब्रिजवर घंटा वाजवायचे. मार्कोनींचा शोध पुरेसा असता तर या घंटेची गरज पडली नसती. इव्हान्सची झोप हा गुन्हा असता तर शिक्षा वाढवून भागले असते. जगाने दोन्हींपैकी काही केले नाही. माणूस झोपणारच हे मान्य केले आणि त्याला जागे करायची सोय केली. नवा एकही भौतिक सिद्धान्त त्यासाठी लागला नाही. १९१२ च्या आधीही ती करता आली असती. कोणाच्या खिशातून करायची एवढाच प्रश्न होता.

एक आक्षेप मात्र मी टाळणार नाही. कॅलिफोर्नियनच्या ब्रिजवरच्या अधिकाऱ्याने आणि उमेदवाराने त्या रात्री पांढरे अग्निबाण पाहिले, आठ मोजले, खाली कप्तान स्टॅन्ली लॉर्ड यांना कळवले, आणि तरी पहाटेपर्यंत कोणी इव्हान्सला उठवले नाही. बिनतारी खोली काही पावलांवर होती. इथे माणसांचा दोष आहे, आणि तो व्यवस्थेच्या पांघरुणाखाली झाकता येणार नाही. पहाटे पाचनंतर मुख्य अधिकारी स्टुअर्ट यांनी इव्हान्सला हलवून उठवले, तेव्हा काही मिनिटांतच त्याने सगळी बातमी मिळवली. उठवल्यावर त्याने एक क्षणही दवडला नाही. म्हणून या आक्षेपातूनही इव्हान्स निर्दोष सुटतो. अडकतात ते त्याला न उठवणारे, आणि त्यांच्यात ऑपरेटर एकही नाही.

आपल्याकडे हा वाद दूरचा वाटू नये. १७ जुलै १९४७ रोजी सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काश्याच्या खडकाजवळ लाटेने कलंडून बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. टायटॅनिकला तेव्हा ३५ वर्षे झाली होती. रामदासवर बिनतारी यंत्र नव्हते, आणि मुंबईला बातमी कळली ती दुपारी, वाचून आलेल्यांच्या तोंडून. यावर लगेच म्हटले जाते की यंत्र असते तर माणसे वाचली असती. मला ते पटत नाही. बोट उलटायला इतका थोडा वेळ लागला की बटणाला हात लागण्याची शक्यता कमीच. पण सकाळी निघालेली, तास-दीड तासात रेवसला लागायची बोट लागली नाही, हे कळायला यंत्राची गरज नव्हती. धक्क्यावर वाट पाहणारी माणसे रोज असत. बोट लागली नाही, हे मुंबईला तातडीने कळवणे हे एका माणसाचे नेमलेले काम असते, तर निदान पोहणाऱ्यांचा शोध दुपारपर्यंत थांबला नसता. त्या सकाळी ज्यांनी माणसे पाण्यातून काढली ते मुंबईकडे मासळी घेऊन निघालेले कोळी होते. त्यांच्या होड्यांची वाट तिकडून जात होती, म्हणून ते तिथे पोचले. त्यांना तिकडे कोणी पाठवले नव्हते.